पिष्टपेषण: दळलेलं पीठ आणि कुटलेल्या शेंगा

कॉलेजात शिकणारी एक मुलगी वक्तृत्व स्पर्धेचं भाषण टाइप करून घ्यायला दुकानात आली. चार कागद, पाठपोट लिहिलेले. पहिल्या कागदाच्या कोपऱ्यात तिच्या सरांनी लाल शाईत लिहिलं होतं, ‘पिष्टपेषण फार. कापा.’

“काकू, हे पिष्टपेषण म्हंजे काय ओ? कापा म्हणालेत, पण काय कापू तेच कळंना.”

तिचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. घरी तेलुगू, शाळा मराठी. तो शब्द तिनं कधी ऐकला नव्हता. रोज मराठी वाचणाऱ्या पुष्कळांनी तो ऐकलेला असतो, पण ‘काहीतरी कंटाळवाणं’ इतकाच अर्थ त्यांच्या डोक्यात असतो. मी नवी पेठेत टायपिंगचं आणि प्रुफं तपासायचं काम करते. लग्नपत्रिका, दहाव्या-तेराव्याची पत्रकं, संस्थांचे अहवाल, लोकांचे अर्ज, असं मराठी दिवसभर हाताखालून जातं. त्यातून मी सगळ्यात जास्त काही काढत असेन तर ते हेच, एकदा सांगून झालेलं. म्हणून तिला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते.

‘पिष्ट’ म्हणजे दळलेलं आणि ‘पेषण’ म्हणजे दळणं. दोन्ही शब्द ‘पिष्’ या एकाच संस्कृत धातूचे. आपलं ‘पीठ’ हे त्याच ‘पिष्ट’चं झिजून झालेलं रूप. म्हणजे पिष्टपेषण हे सरळ सरळ पिठाचं दळण. समजा तुम्ही ज्वारीचा डबा गिरणीत नेला, दळून आणला आणि दुसऱ्या दिवशी तेच पीठ पुन्हा गिरणीत ओतलं. पट्टा फिरेल, वीज जळेल, आवाज होईल, थोडं पीठ उडून भिंतीला बसेल, आणि डब्यात पडेल ते पीठच. कालच्याहून चिमूटभर कमी. शब्दात नेमकं हेच भरलेलं आहे. काम कालच झालंय, आज पुन्हा खटाटोप चाललाय आणि हाती नवं काही येत नाही.

याचा सख्खा भाऊ म्हणजे ‘चर्वितचर्वण’, चावलेलं पुन्हा चावणं. दोन्ही शब्दांची घडण बघा: पिष्ट-पेषण, चर्वित-चर्वण. एकच धातू दोनदा. दोष सांगणारा शब्द स्वतःच तो दोष करून दाखवतो, त्यामुळे एकदा फोड कळली की तो विसरत नाही. लिहिताना मात्र ‘पिष्ठ’ असं ‘ठ’ घालून लिहू नये. पीठ या शब्दातला ठ मनात असतो म्हणून तो हातातून उतरतो. माझ्याकडे येणाऱ्या मॅटरमध्ये तसं बऱ्याचदा असतं.

वापर कसा करायचा? शब्द नपुंसकलिंगी आहे. पिष्टपेषण करतात, होतं, चालतं, टाळतात. ‘बैठकीत मागच्या वर्षीच्याच मुद्द्यांचं पिष्टपेषण झालं.’ ‘प्रस्तावनेत पिष्टपेषण न करता लेखिका थेट विषयाला हात घालते.’ हा लिहिण्यातला शब्द आहे. घरात कुणी कुणाला ‘पिष्टपेषण करू नकोस’ असं म्हणत नाही. घरात ‘तेच तेच दळण लावू नको’ म्हणतात, आणि तीच प्रतिमा आपोआप बोलीत उतरलेली असते. शिवाय हा शब्द एका वाक्यातल्या एखाद्या जादा शब्दाला लावत नाहीत. ‘पिवळा पीतांबर’ हे पिष्टपेषण नव्हे, ती पुनरुक्ती. पीतांबर म्हणजेच पिवळं वस्त्र, मग पिवळा दोनदा झाला. पिष्टपेषण हे विचाराचं, चर्चेचं, युक्तिवादाचं असतं. जे आधी पुरतं सांगून झालंय, कदाचित दुसऱ्यांनीच सांगून झालंय, ते आपण नव्यानं सांगतोय अशा थाटात मांडणं.

पाल्हाळ वेगळं. पाल्हाळात गोष्ट तीच तीच येते असं नाही, पण ती नको तिथे फांद्या फोडत जाते. आजी मावशीकडे गेल्याचं सांगायला निघते आणि एसटी स्टँडवर भेटलेल्या बाईच्या जावयापर्यंत पोचते, ते पाल्हाळ. गुऱ्हाळ म्हणजे खरं तर ऊस गाळून गूळ करायची जागा. आपल्या ऊसपट्ट्यात ते सांगायला नको. पण चर्चेचं गुऱ्हाळ म्हणतो तेव्हा दिवसरात्र फिरणारा चरक डोळ्यांपुढे असतो, गूळ नसतो. चऱ्हाट म्हणजे लांबच लांब दोर. ‘नमनाला घडाभर तेल’ म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधी नमनातच दिवट्यांचं तेल संपलं. फापटपसारा, अघळपघळ, लांबलचक हे तर नुसते उच्चारले तरी तोंडात पसरतात. इतके शब्द आपण या एका दोषासाठी करून ठेवलेत, त्यावरून मराठी माणसाला तो किती सलत असेल याचा अंदाज येतो.

आता पुनरुक्तीकडे नीट बघू, कारण रोजच्या लिहिण्यात खरा त्रास तिचा आहे. (‘पुनरुक्ती’ एकटा आला की शेवट दीर्घ. ‘पुनरुक्तिदोष’ असा समास झाला की मधला ‘क्ति’ ऱ्हस्व. कवी आणि कविराज, बुद्धी आणि बुद्धिमान, तसंच हे.)

कमानींवर मोठ्या अक्षरांत ‘सुस्वागतम्’ लिहितात. ‘स्वागत’ या शब्दातच ‘सु’ आहे, सु अधिक आगत. त्याला आणखी एक ‘सु’ लावला. बोलताना आपण म्हणतो, ‘सुमारे शंभरेक माणसं होती.’ ‘शंभरेक’मधला शेवटचा ‘एक’ म्हणजेच सुमारे. ‘अंदाजे शंभरेक’, ‘जवळजवळ शंभरेक’, सगळ्यांत तोच प्रकार. ‘फक्त तोच आला’ यातला ‘च’ आणि ‘फक्त’ एकच काम करतात. ‘मीही सुद्धा’मधले ‘ही’ आणि ‘सुद्धा’ही तसेच. ‘स्वतःचं आत्मचरित्र’ म्हटल्यावर आत्मा दोनदा आला. ‘सविनयपूर्वक’ हा तर अर्जांमधला नेहमीचा पाहुणा. ‘स’ म्हणजे सह, ‘पूर्वक’ म्हणजेही तेच. ‘सविनय’ म्हणा किंवा ‘विनयपूर्वक’ म्हणा.

यातलं सगळंच मी कापते असं नाही. ‘एटीएम मशीन’मधला एम म्हणजे मशीन, ‘पॅन नंबर’मधला एन म्हणजे नंबर, हे खरं आहे. पण ऐकणाऱ्याच्या मनात ती अक्षरं आता फुटत नाहीत, तो एक अखंड आवाज झालाय. माझ्या सासूबाईंना नुसतं ‘एटीएम’ म्हटलं की कार्ड की खोली, हे कळत नाही. ‘एटीएम मशीन’ म्हटलं की कळतं. शब्दाच्या आतला अर्थ लोक विसरले की बाहेरून जोडलेला शब्द कामाला येतो. ‘सुस्वागतम्’बद्दलही मी भांडत नाही. ‘सविनयपूर्वक’बद्दल भांडते, कारण तिथे जोडलेल्या शब्दानं कुणाला काहीच जास्त कळत नाही.

एक अर्ज जवळून बघू. आमच्याकडे आलेला, एका कार्यालयात द्यायचा. नावगाव काढून देते.

‘उपरोक्त वरील विषयास अनुसरून मी अर्जदार आपणांस या अर्जाद्वारे सविनयपूर्वक नम्र विनंती करतो की, आमच्या गल्लीतील सर्व रहिवासी नागरिकांना गेल्या सुमारे पंधरा-वीस दिवसांपासून आजतागायत पिण्याचे पाणी अत्यंत कमी दाबाने येत असून, त्यामुळे पाण्याअभावी सर्व नागरिकांची फार गैरसोय व अडचण होत आहे. तरी सदर बाबीची योग्य ती दखल घेऊन योग्य ती कार्यवाही करण्यात यावी व पाणी योग्य दाबाने मिळावे, ही नम्र विनंती.’

‘उपरोक्त’ म्हणजेच वर सांगितलेलं. (संस्कृतात तो शब्द ‘उपर्युक्त’ असा होतो, पण ‘उपरोक्त’ आता रुळलाय.) अर्जदार अर्जाद्वारेच बोलणार, ते वेगळं सांगायला नको. विनंती दोनदा, ‘योग्य’ तीनदा, नागरिक दोनदा. रहिवासी हे नागरिकच, गैरसोय ही अडचणच. मी ते गृहस्थ समोर असतानाच एकेक शब्द काढत गेले. निम्म्याहून जास्त मजकूर गेला तेव्हा उरलेलं वाचून ते जरा थबकले. मी विचारलं, “काका, दाब कमी म्हणजे नेमका किती?” ते म्हणाले, “दुसऱ्या मजल्यावर चढतच नाही. खाली बादली भरायला अर्धा तास लागतो.”

ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अर्जात नव्हतीच! मग अर्ज असा झाला: ‘आमच्या गल्लीत पंधरा दिवसांपासून पिण्याचे पाणी कमी दाबाने येते. खालच्या मजल्यावर एक बादली भरायला अर्धा तास लागतो, दुसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. पाहणी करून दाब पूर्ववत करावा, ही विनंती.’

हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. जिथे शब्द दुप्पट झालेले असतात तिथे एखादी खरी माहिती हमखास गायब असते. लिहिणाऱ्याला जाणवत असतं की मजकूर हलका पडतोय, आणि वजन आणायला तो ‘अत्यंत’, ‘फार’, ‘योग्य ती’ ओतत राहतो. वजन येतं ते बादलीनं आणि अर्ध्या तासानं. म्हणून मी पोरांना सांगते, नुसतं कापू नका. कापलेल्या जागेत काय लिहायचं राहिलं होतं ते शोधा.

इथवर ऐकून ती मुलगी म्हणाली, “म्हंजे एकदा लिवलं की परत लिवायचं नाही. एवढंच ना?” एवढंच नाही. आणि हा भाग समजावायला मला आपल्या जुन्या न्यायशास्त्राचा, म्हणजे तर्कशास्त्राचा, फार उपयोग होतो.

गौतमाच्या न्यायसूत्रांत वादविवादाचे नियम आहेत. बोलणारा कुठे चुकला की तो हरला असं धरायचं, अशा २२ जागा तिथे मोजून दिल्या आहेत. त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यातलं एक निग्रहस्थान म्हणजे ‘अधिक’, गरजेपेक्षा जास्त कारणं आणि जास्त उदाहरणं देणं. दुसरं ‘पुनरुक्त’. सूत्र असं आहे: ‘शब्दार्थयोः पुनर्वचनं पुनरुक्तमन्यत्रानुवादात्.’ शब्द पुन्हा म्हटला किंवा अर्थ पुन्हा सांगितला तर ती पुनरुक्ती, मात्र अनुवाद सोडून. इथे अनुवाद म्हणजे भाषांतर नव्हे. काही हेतू मनात धरून मुद्दाम पुन्हा म्हणणं, तो अनुवाद. पुढच्याच सूत्रात आणखी एक बारकावा आहे. जे बोलण्यातून आपसूक निघालेलंच आहे ते पुन्हा शब्दात सांगणं, हीसुद्धा पुनरुक्ती. अर्जदार ‘अर्जाद्वारे’ विनंती करतो, ती या जातीची.

अनुवादाला सूट का, हे तिथेच उदाहरण देऊन समजावलंय. या सूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात ‘शीघ्रं शीघ्रं गम्यताम्’ असं वाक्य येतं. ‘लवकर जा’ आणि ‘लवकर लवकर जा’ या दोन वाक्यांत फरक आहे. दुसऱ्यानं घाई वाढवली. तिथलंच दुसरं उदाहरण ‘ग्रामो ग्रामो रमणीयः’, म्हणजे एखादं गाव नव्हे, गावोगाव रमणीय. शब्द तोच, पण दुसऱ्यांदा आल्यावर त्यानं अर्थात भर घातली.

मला याहून आवडतो तो त्याच यादीतला तीनचा नियम. बोलणाऱ्यानं एक गोष्ट तीनदा सांगूनही सभेला आणि समोरच्याला ती कळली नाही, तर बोलणारा हरला. तीनदा सांगितल्यावर सभेला कळली पण समोरच्याला ती उच्चारून दाखवता आली नाही, तर समोरचा हरला. म्हणजे पुनरुक्तीला दोष म्हणणाऱ्या त्याच शास्त्रानं बोलणाऱ्याला तीनदा सांगायची मुभा ठेवली होती. कारण ऐकणाऱ्यापर्यंत पोचणं, हासुद्धा हेतूच आहे.

मुलीला मी हे सोलापुरी भाषेत सांगितलं. तुझ्या घरी शेंगाचटणी कशी करतात? उखळात भाजलेल्या शेंगा, तिखट, लसूण, जिरं, मीठ घालून कुटतात. दहा वेळा कुटली की चटणी झालेली दिसते. तरी आजी थांबत नाही, कुटतच राहते. का? तेल सुटायचं असतं. मिक्सरमध्ये फिरवून काढली तर भुकटी हाती लागते. कुटता कुटता शेंगा तुकतुकीत होतात, बोटाला तेल लागतं, तेव्हा ती सोलापूरची चटणी. पीठ पुन्हा दळलं तर पीठच राहतं. शेंगा पुन्हा कुटल्या तर तेल सुटतं. लिहिताना एखादी गोष्ट दुसऱ्यांदा आली की एवढंच विचारायचं, तेल सुटलं का?

मराठीला हे जात्याच कळतं. व्याकरणात ज्यांना अभ्यस्त शब्द म्हणतात ते सगळे असे कुटलेले शब्द आहेत. ‘हळू चाल’ आणि ‘पोर हळूहळू चालायला लागलं’ यात हळू आणि हळूहळू एक नाहीत. पहिला वेग सांगतो, दुसरा काळ. ‘बोलता’ आणि ‘बोलता बोलता’ यांचंही तसंच. आणि सगळ्यात स्पष्ट उदाहरण आकड्यांचं. घरात दहा पोरं आहेत. ‘पोरांना दोन लाडू दे’ म्हटलं तर डब्यातून दोन लाडू जातील. ‘पोरांना दोन दोन लाडू दे’ म्हटलं तर वीस जातील. एक शब्द दुसऱ्यांदा म्हटल्यानं अठरा लाडवांचा फरक पडला. याला अनावश्यक कोण म्हणेल?

मग ‘चहाबिहा’. ‘बिहा’ला स्वतःचा अर्थ नाही. पण ‘चहा घेणार का?’ हा प्रश्न चहापुरता आहे, आणि ‘चहाबिहा घेणार का?’ यात कॉफी आली, दूध आलं, ताक आलं, ‘बसा जरा’ आलं. सोलापुरात तर हे चार भाषांत ऐकू येतं. मराठीत जेवणबिवण, कानडीत ऊट-गीट, तेलुगूत पुस्तकम्-गिस्तकम्, दखनीत चाय-वाय. मराठी ‘ब’ लावते, दखनी ‘व’ लावते, आणि कानडी-तेलुगू दोघी ‘ग’ लावतात. हे ऐकून ती मुलगी एकदम खुलली. तिच्या घरातलं ‘गि’ आणि वर्गातलं ‘बि’ ही एकाच गावची माणसं आहेत, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं लगेच तीन-चार जोड्या म्हणून दाखवल्या.

कागदपत्र, बाजारहाट, धनदौलत, रीतिरिवाज हे जोडशब्दही असेच. कागद आणि बाजार फारसीतून आले, दौलत आणि रिवाज मुळात अरबी, आणि त्यांच्या जोडीला आपले जुने पत्र, हाट, धन, रीत. अर्थ जवळजवळ एकच. पण ‘कागदपत्रं घेऊन या’ म्हटलं की आधार, सातबारा, पावत्या, फोटो, सगळं काखोटीला मारून माणूस येतो. नुसतं ‘कागद घेऊन या’ म्हटलं तर कोरा कागदही आणेल.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेत, म्हणजे आमच्या गड्ड्याच्या जत्रेत, नंदीध्वजांची मिरवणूक निघाली की ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र, श्री सिद्धेश्वर महाराज की जय’ हा घोष सुरू होतो. सुरुवातीलाच ‘एकदा’. आणि तो दिवसभर हजारो कंठांतून येत राहतो. लहानपणी मला वाटायचं, एकदाच म्हणायचं तर इतक्यांदा का म्हणतात? आता कळतं. म्हणणाऱ्यासाठी तो प्रत्येक वेळी पहिल्यांदाच असतो. नामस्मरणाला पुनरुक्तीचा दोष लागत नाही तो याचमुळे. तिथे माहिती द्यायचीच नसते.

आणि कधी कधी आपल्याला जी पुनरुक्ती वाटते ती मुळात पुनरुक्ती नसतेच. काही वर्षांपूर्वी एक आजोबा नातीच्या लग्नाची पत्रिका छापायला आले. मॅटरमध्ये नेहमीची ओळ होती, ‘आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहावे.’ कुटुंब म्हणजेच परिवार, असं धरून मी ‘सहपरिवार’ काढून प्रूफ दिलं. आजोबांनी बोट ठेवून विचारलं, “ताई, हे का काढलं ओ?” मी कारण सांगितलं. ते म्हणाले, “अवो, कुटुंब म्हंजे बायको. आम्ही बायकोला कुटुंबच म्हणतो की. परिवार म्हंजे पोरंसोरं, सुना, भाऊ, भावजया. ‘सहपरिवार’ काढलं तर माणूस बायकोला घेऊन येईल आणि पोरं घरी ठेवील.”

ते बरोबर होते. जुन्या मराठीत कुटुंब म्हणजे पत्नी. ‘हे आमचं कुटुंब’ अशी ओळख करून देणारी माणसं माझ्या आजोळीही होती. आज आपण कुटुंब हा शब्द पूर्ण घरासाठी वापरतो, म्हणून ते दोन शब्द एकमेकांवर पडलेले दिसतात. लिहिले गेले तेव्हा दोघांची कामं वेगळी होती. मी ‘सहपरिवार’ परत घातलं. तेव्हापासून कुठलीही जुनी जोडी तोडण्याआधी ज्यांच्या तोंडी ती आहे त्यांना विचारते.

व्यवहारातही दोनदा लिहिणं मुद्दाम ठेवलेलं असतं. चेकवर रक्कम आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही लिहावी लागते. दोन्हींत फरक पडला तर अक्षरातली रक्कम खरी धरायची, असं १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं कलम १८ सांगतं. एक शून्य चुकून पडलं तर ते पकडायला दुसरी ओळ जागी असते. आधारच्या १२ अंकांतला शेवटचा अंकही असाच पहारेकरी आहे. तो आधीच्या अंकांवरून गणितानं काढलेला असतो, म्हणून एखादा अंक चुकीचा टाइप झाला तर ते लगेच ध्यानात येतं. क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञानं १९४८ मध्ये संदेशवहनाचा सिद्धांत मांडताना हाच विचार केला होता. साध्या इंग्रजी मजकुराचा साधारण निम्मा भाग भाषेच्या घडणीनंच ठरलेला असतो, असा त्याचा हिशेब होता. तो निम्मा भाग वाया जात नाही. ओळीवर खरखर असली तरी संदेश पोचतो तो त्याच्याच बळावर.

हे मराठीत करून बघता येतं. एका वाक्यातल्या सगळ्या काना-मात्रा-वेलांट्या मी काढून टाकते: ‘म उद्य सकळ सलपरल यतय.’ तुम्ही वाचलंत ना? मी उद्या सकाळी सोलापूरला... इथपर्यंत काही अडलं नाही. शेवटी मात्र अडतं. येतोय की येतेय? बाकीच्या मात्रा नसतानाही शब्द सावरला गेला, पण ही एक मात्रा बोलणारा पुरुष आहे की बाई हे सांगत होती, आणि ते सांगणारं वाक्यात दुसरं काहीच नव्हतं. अनावश्यक काय आणि आवश्यक काय, हे असं काढून बघितल्याशिवाय कळत नाही.

मुलीनं भाषण घरी नेलं आणि तीन दिवसांनी पुन्हा आणलं. विषय वाचनाचं महत्त्व. आधीच्या चार कागदांत ‘पुस्तके हीच आपली खरी मित्र आहेत’ वेगवेगळ्या शब्दांत सहा वेळा होतं. ते सगळं गेलं होतं. दोन कागद उरले होते. पण त्यात आता एक वाक्य तीनदा आलं होतं, ‘माझ्या आजीला वाचता येत नाही.’

पहिल्यांदा ते अगदी सुरुवातीला, नुसती माहिती म्हणून. मग आजी विड्या वळते, हजाराच्या हिशेबानं मजुरी मिळते, पानं कापताना आणि जुड्या बांधताना तिची मोजणी कधी चुकत नाही, असं सगळं आलं. त्यानंतर दुसऱ्यांदा, ‘माझ्या आजीला वाचता येत नाही.’ आता ते वाक्य टोचलं. मग कारखान्यातून मजुरीची चिठ्ठी येते, ती आजी नातीच्या हातात देते, नात आकडा मोठ्यानं वाचते, आजी मान डोलावते, असं. आणि शेवटी तिसऱ्यांदा तेच वाक्य. त्यापुढे फक्त ‘म्हणून मी मोठ्यानं वाचते.’

मी टाइप करत होते तेव्हा ती शेजारी उभी होती. तिसऱ्या वेळच्या त्या ओळीवर तिनं बोट ठेवलं.

“काकू, हे तिसऱ्यांदा आलंय. काढू का ओ?”

“ठेव,” मी म्हटलं, आणि ती ओळ आधीच्या दोन्हींसारखीच, एकही अक्षर न बदलता टाइप केली.